बाईंचं माप बरोबर होतं

बाईंचं म्हणणं असं होतं, की हत्ती कधी कुणाच्या बाजेत शिरत नाही. बाजेत ढेकूणच असतो.

खून, दरोडा, दुसऱ्याची बायको पळवणं, ही त्यांच्या मते हत्तीएवढी पापं. ती दाराशी आली तरी सगळी गल्ली गोळा होते, माणूस घाबरतो, आतून कडी घालतो. पण रागाच्या भरात भांडं आपटणं, शेजारणीच्या नव्या लुगड्याकडे बघून तोंड वाकडं करणं, प्रार्थनेला डोळे मिटून संध्याकाळच्या कालवणाचा विचार करणं, हे सगळे ढेकूण. ते फटीत राहतात, दिवसा दिसत नाहीत, आणि माणूस मात्र कूस बदलत राहतो. मग म्हणतो, मी एवढी प्रार्थना करतो तरी मला शांती का नाही? बाई त्याला विचारायच्या, बाज शेवटची उन्हात कधी काढली होती?

नुसतं सांगून त्या थांबत नसत. एका रविवारी त्यांनी आपली स्वतःची बाज खोलीतून ओढत चर्चच्या अंगणात आणली, आम्हा मुलांना भोवती गोल उभं केलं आणि कढत पाण्याची किटली फटींवर ओतली. ढेकूण बाहेर येऊ लागले तसं बाई एकेकाला नाव देऊ लागल्या. हा रुसवा. ही चहाडी. हा आळस, बघा खाऊन कसा फुगलाय. आम्हाला दहा आज्ञा पाठ होत नव्हत्या, पण ही नावं त्या एका सकाळी पाठ झाली. पाळकसाहेब बाहेर आले आणि हळूच म्हणाले, बाई, निदान चर्चच्या दारात तरी नको. बाईंनी किटली खाली ठेवली नाही. त्या म्हणाल्या, साहेब, माझ्या बाजेचेच आहेत, मंडळीतल्या कुणाचे नाहीत.

बाई आमच्या छावणीतल्या मिशनच्या बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजारी माणसाजवळ बसायचं, पोरीबाळींना अक्षरं शिकवायची, हे त्यांचं काम. उंच, काळ्यासावळ्या, हाडांचा सांगाडा. नऊवारी लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि उन्हाळा असो की हिवाळा, हातात काळी छत्री. तरुणपणीच विधवा झाल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. चर्चच्या भिंतीला लागून त्यांची एक खोली होती. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी मी रांगत होते असं आई सांगायची, आणि तेव्हाही बाई अशाच दिसत होत्या म्हणे. मी पुढं शाळेत गेले आणि चौथीत शाळा सुटलीही, पण लिहायला मला बाईंनीच शिकवलं. पाटीवर नाही, जमिनीवर राख पसरून. राखेत चूक झाली तर हात फिरवला की गेली, असं म्हणायच्या.

त्यांची एक सवय अशी होती की नवा माणूस घाबरून जायचा. कुणाच्या घरी बसून बोलता बोलता त्यांच्या तोंडून एखादा शब्द जास्त गेला, कुणाला नाव ठेवलं गेलं, तर त्या मध्येच गप्प व्हायच्या. उठून खुर्ची उचलायच्या, तोंड भिंतीकडे करून बसायच्या. एक गीत म्हणून होईल एवढा वेळ. यजमानीण चहाची बशी हातात घेऊन उभी. मग बाई खुर्ची पुन्हा फिरवायच्या आणि जिथं बोलणं तुटलं होतं तिथून पुढं सुरू करायच्या. जणू काही झालंच नाही. आमच्याकडे खुर्ची नव्हती, पाट होता. तो त्या पायानं सरकवून फिरवायच्या. माझे वडील टांगा हाकत. ते म्हणायचे, ही बाई भिंतीशी जितकं बसते तितकं आपला घोडा दावणीशी उभा राहत नाही.

वडिलांचं आणि बाईंचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. वडील दौलताबादकडे रिकामे निघाले की वाटेत बाईंना टांग्यात घ्यायचे. चढ आला की घोड्याला ओझं नको म्हणून बाई उडी मारून खाली उतरायच्या आणि टांग्याच्या मागून चालू लागायच्या. वडिलांना याची लाज वाटायची. लोक म्हणतील, म्हातारीला पायी चालवतो आणि हा आरामात बसतो. म्हणून तेही उतरायचे. मग रिकामा टांगा चढावर पुढं, आणि मागं ही दोघं भांडत पायी, असं लोकांना दिसायचं.

गाण्याचा किस्सा तर सगळ्या मंडळीला माहीत आहे. बाईंचा आवाज चांगला होता. मोठा, सरळ, जरासा फाटका, पण सुरात पक्का. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की आपण प्रत्येक ओळ इतरांच्या जराशी आधी उचलतो. का उचलतो? तर आपला आवाज सगळ्यांना वेगळा ऐकू यावा म्हणून. हा ढेकूण सापडल्यावर बाईंनी ठरवलं, की महिनाभर नुसते ओठ हलवायचे. पहिल्याच रविवारी पेटी वाजली आणि कुणीच गाईना. सगळे बाईंकडे बघत थांबलेले. पेटीवाल्यानं सुरुवात दोनदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. शेवटी पुरुषांच्या बाजूनं कुणी भलत्याच चालीत सुरू केलं, बायकांच्या बाजूनं दुसऱ्याच, आणि ते गीत म्हणजे बाजाराच्या दिवसाचा गलका झाला. चार रविवार असं चाललं. पाळकसाहेब बाईंच्या खोलीवर गेले, हात जोडले, म्हणाले, बाई, तुमचा गर्व आम्हाला परवडेल पण ही शिक्षा नाही. महिना पुरा झाल्यावर बाई गायला लागल्या, पण आता त्या जराशा मागून यायच्या. आम्ही आधी आणि त्या मागून. ते ऐकायला जास्त बरं वाटायचं.

मी स्वभावानं लाजाळू. चार माणसांत मला माझं नाव विचारलं तरी घसा कोरडा पडायचा. बायकांच्या सभेत एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची रीत होती. माझी पाळी आली की मी मान खाली घालायची आणि शेजारणीला कोपर लावायची. सगळ्या म्हणायच्या, पोरगी किती नम्र आहे. बाईंना हे पटत नव्हतं. एकदा खोलीत आम्ही दोघीच असताना त्या म्हणाल्या, "कुणी हसंल म्हणून तू बोलत नाय. म्हणजे सारा वेळ तू सोताचाच विचार करती. ही नम्रता नव्हं, पोरी. हा गर्वच हाय, नुसता पदर घेतलेला." मी खूप रडले. पण त्यांना जे दिसलं होतं ते थोडंच होतं. माझ्या गप्प बसण्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी कुणालाही सांगितलेली नव्हती.

ती गोष्ट मुठीची.

आमच्या मंडळीत अशी रीत होती, की प्रत्येक घरात सकाळ-संध्याकाळ चूल पेटवायच्या आधी एक मूठ ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. बुधवारी बायकांच्या सभेला येताना आठवड्याची ज्वारी पिशवीतून आणायची. मंडळीत दोन म्हाताऱ्या निराधार बायका होत्या, त्यांचं पोट त्यावर चालायचं. पिशव्या बाई घ्यायच्या. त्यांच्या हातात वजन होतं. पिशवी तळहातावर घेतली, एकदा वर-खाली केली, की सांगायच्या, सव्वा शेर. काट्यावर टाकली तर सव्वा शेरच भरायची. पुढं किलो आले तेव्हा बाईंनी पंधरा दिवसांत हात किलोला शिकवला. बायकांना याचं मोठं कौतुक. मुद्दाम पिशव्यांची अदलाबदल करून त्यांची परीक्षा घ्यायच्या, आणि बाई हसून बरोबर सांगायच्या.

मी आठ वर्षांची असताना वडिलांचा घोडा मेला. दुसरा घ्यायला पैसा नव्हता. वडील मिळेल ती हमाली करू लागले आणि आई कापडाच्या गिरणीत जाऊ लागली. पहाटे भोंगा व्हायच्या आत तिला निघावं लागायचं. भाकरी ती अंधारात थापायची, पण मुठीचं काम तिनं माझ्याकडं दिलं. मला जवळ बसवून माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, तुझी मूठ लहान आहे, तू दोन टाकत जा.

दोन-चार दिवस मी दोन टाकल्या. मग धान्याच्या कणगीत हात घातला तर बोटांना तळाचं शेणाचं सारवण लागलं. ज्वारी संपत आली होती. मी आठ वर्षांची, पण मला ते कळलं. त्या दिवशी मी एकच मूठ टाकली. मनाला सांगितलं, एक मूठ म्हणजे एक मूठ, प्रभूनं कुठं म्हटलंय केवढी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. मग तीच सवय झाली.

तीन आठवड्यांनी एका बुधवारी बाईंनी आमची पिशवी हातावर घेतली. एकदा वर-खाली केली, पुन्हा केली. वीसेक बायका बसल्या होत्या. आईनं त्या दिवशी गिरणीतून अर्धी सुटी घेतली होती आणि मला मांडीशी घेऊन बसली होती. बाई सहज बोलतात तशा म्हणाल्या, "सगुणाबाई, मूठ आखडली."

आई एकदम उभी राहिली. ती कधी सभेत आवाज चढवणारी बाई नव्हती. "घोडा मेला म्हणून आमी देवाची मूठ आखडली असं म्हनायचंय का तुमाला? माझ्या घरातनं मूठ पुरी जाती. देवाला ठावं हाय."

"देवाला ठावं हाय," बाई म्हणाल्या, "पर माझ्या हाताला बी ठावं हाय."

कुणी तरी हसलं. हसणारी बाईंच्या हुशारीला हसली होती, पण आईला ते आपल्या गरिबीला हसल्यासारखं लागलं. तिनं माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर आईनं मला विचारलं, दोन मुठी टाकतेस ना? मी मान हलवली. तोंडानं बोलले नाही म्हणून ते खोटं नाही, असंही मी मनाला सांगितलं.

त्या दिवसापासून मी तीन मुठी टाकू लागले. पण त्याचा काही उपयोग नव्हता. आई पुन्हा बुधवारच्या सभेला गेली नाही. आमची ज्वारी वडील परस्पर त्या दोन म्हाताऱ्यांच्या घरी नेऊन ओतू लागले. बाईंच्या हाताला ती कधी लागलीच नाही.

आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन व्हायचं, प्रभूच्या आठवणीत मेजाजवळ जाऊन भाकर आणि प्याला घ्यायचा. त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची सभा. पाळकसाहेब विचारायचे, कुणाचं कुणाशी काही असेल तर आज मिटवा, मनात ठेवून मेजाजवळ येऊ नका. भांडणानंतरच्या पहिल्याच अशा शुक्रवारी बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "माझं एकीशी हाय, आणि मिटलेलं नाय." मागून आई उभी राहिली, म्हणाली, माझंही तसंच. रविवारी भाकर आणि प्याला द्यायची वेळ झाली तेव्हा बाई उठून पुढच्या दारानं बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. आई बाजूच्या दारानं गेली आणि तिथल्या पायरीवर बसली. मध्ये सगळं चर्च.

असं अकरा वर्षं चाललं. दर तीन महिन्यांनी. पाळकसाहेबांनी दोघींची किती मनधरणी केली. बाई म्हणायच्या, मी खोटं बोलले असते तर कधीच माफी मागितली असती, पण पिशवी हलकी होती. आई म्हणायची, मी चोरी केली असती तर जाऊन पाय धरले असते, पण मूठ पुरी होती. दोघीही खऱ्या आणि दोघीही बाहेर. छावणीतली पोरं त्यांना दोन चौकीदार म्हणायची. पुढच्या दारातून सैतान आला तर बाई बघतील, बाजूच्या दारातून आला तर सगुणाबाई.

सैतान तर आत मुलींच्या रांगेत बसलेला होता. पंधराव्या वर्षी माझं दृढीकरण झालं, मंडळीची पुरी सभासद झाले, आणि मीही मेजाजवळ जाऊ लागले. भाकरीचा तो एवढासा तुकडा माझ्या घशातून उतरायचा नाही. एका दाराबाहेर आई, दुसऱ्या दाराबाहेर जिनं मला अक्षर शिकवलं ती, आणि मध्ये मी गुडघे टेकून. आईनं मला बाईंकडे जायला कधी अडवलं नाही. भांडण माझं आहे, तुझं नाही, असं म्हणायची. ते ऐकलं की मला जमिनीत जावंसं वाटायचं. तरी मी बोलले नाही. दरवेळी ठरवायची, या शुक्रवारी सांगू. शुक्रवार यायचा, माणसं दिसायची, मी बाकावरून उठायचीच नाही. मग म्हणायची, एवढीशी गोष्ट, आता जुनीही झाली.

मी अठरा-एकोणीस वर्षांची असताना एकदा बाईंबरोबर शहागंजच्या बाजारात गेले. त्यांची पिशवी धरायला. बाई एका म्हाताऱ्या भाजीवाल्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि भाजी न घेताच म्हणाल्या, भाई, परसों मैं दिल में तुमको चोर समजी थी, तराजू देखके. घर जाके देखी तो भाजी बराबर थी. माफ करो.

 भाजीवाला मेथीवर पाणी शिंपडत म्हणाला, "दिल में समजे ना, अम्मा? चार लोगां में तो नहीं बोले? फिर जाने दो."

बाई तिथून हलल्या, छावणीकडे चालू लागल्या. छत्री उघडली नाही, ऊन होतं तरी. नाल्याच्या पुलावर थांबल्या आणि म्हणाल्या, तो मनातलं माफ करत होता, पण मी एकदा चार लोकांत बोलले आहे. मला कळलं कशाबद्दल ते. माझं तोंड उघडलं होतं. पुलावर आम्ही दोघीच होतो, तिथं ऐकायलाही कुणी नव्हतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागले.

त्याच वर्षी बाईंचं काम सुटलं. वय झालं होतं, गुडघे गेले होते. नगरकडे एका खेड्यात त्यांची भाची होती, तिच्याकडं जायचं ठरलं. जाण्याआधी एक प्रभुभोजन होतं, त्यांचं आमच्या चर्चमधलं शेवटचं. सगळी मंडळी म्हणू लागली, आता तरी या दोघी मिटवतील. पण जवळ राहून जे अकरा वर्षांत झालं नाही ते निघताना कशानं होणार होतं? बाईंच्या हाताला जे कळलं होतं ते खरं होतं, आणि आईला जे ठाऊक होतं ते तिला खरं वाटत होतं. खरं काय होतं ते सांगणारं माणूस जगात एकच होतं. ते बोललं नाही तर बाई पायरीवरूनच उठून गाडीत बसणार होत्या.

शुक्रवारची सभा भरली. दिवे लागायच्या आधीची वेळ. पाळकसाहेबांनी नेहमीचं विचारलं. बाई खांबाला धरून उठल्या, म्हणाल्या, माझं एकीशी आहे. त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. मागं आईचं लुगडं सळसळलं, ती उठते आहे हे मला न बघता कळलं. तेवढ्यात मी उठले.

मला आठवतं, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पुढच्या बाकाची पाठ मी दोन्ही हातांनी धरली. आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

"मूठ माझी होती," मी म्हणाले. "आईनं दोन सांगितल्या होत्या. मी एकच टाकत होते. कणगीत कमी होतं म्हणून. आईला ठाऊक नव्हतं."

एवढंच. अकरा वर्षं ज्याच्या ओझ्याखाली मी वाकले होते ते बोलून संपायला एक क्षण लागला.

बायकांच्या बाजूनं कुजबुज झाली. पुढून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, म्हणजे बाईच खऱ्या होत्या की. तिच्याकडं बघून आणखी दोघी-तिघींनी माना डोलावल्या. आई मागं उभी होती. मी तिच्याकडं बघू शकले नाही. मला एवढंच कळत होतं, की मी बाईंना जिंकवलं आणि आईला सगळ्यांसमोर हरवलं. बाईंनी आता फक्त गप्प बसायचं होतं. पिशवी हलकी होती, हे आता सगळ्या मंडळीला कळलं होतं.

बाई गप्प बसल्या नाहीत. खांब सोडला आणि त्या म्हातारीकडे वळून म्हणाल्या, "माझं माप बरोबर होतं. मी चुकले."

मग त्या सगळ्यांना सांगू लागल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. म्हणाल्या, पिशवी हलकी लागली तेव्हा मी संध्याकाळी सगुणाबाईच्या घरी जाऊन विचारलं असतं, तर ही पोर तेव्हाच बोलली असती, राखेत हात फिरवावा तसं मिटलं असतं. मी घरी गेले नाही. चार बायांत बोलले. का बोलले, तर माझ्या हाताला किती कळतं ते चार बायांनी बघावं म्हणून. तुमच्या सगळ्यांच्या बाजा मी झाडल्या आणि माझ्या उशाशी हा एवढा मोठा सोडला. अकरा वर्षं मी म्हणत राहिले, खोटं बोलले नाही, खोटं बोलले नाही. खरं बोलून पण माणूस पाप करू शकतो, हे मला, बायबलबाईला, आज कळतंय.

त्या वळल्या आणि मधल्या वाटेनं मागं चालू लागल्या. गुडघ्यांमुळे हळू, एकेका बाकाला धरत. आई तिच्या जागी उभीच होती. मग आईलाही राहवलं नाही, तीही निघाली. मधल्या वाटेत दोघी समोरासमोर आल्या.

"अकरा वर्सं मनात तुमाला काय काय म्हनले, बाई," आई म्हणाली, "ते हितं सांगण्यासारखं नाय."

"नगं सांगू. त्यातलं बरंच बरोबर आसंल."

"आता काय करायचं?"

"हात धर. त्या पायरीवर बसून बसून माझे गुडघे गेले, आन् तुझी पायरी तर सावलीत होती."

आई हसली. हसता हसता रडायला लागली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि सभा संपल्याची प्रार्थना करायचंच विसरले. लोक तसेच उठून घरी गेले.

घरी आईनं भाकरी थापल्या. माझ्या ताटात भाकरी ठेवली, तिच्यावर तेल घातलं, तिखट घातलं. मग म्हणाली, लोक म्हणतात पोरगी लाजरी आहे, मला आज कळलं पोटात काय घेऊन बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, खा. एवढंच ती बोलली आणि एवढंच मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारी बाई सकाळी छत्री घेऊन निघाल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी सभेत ज्या ज्या बायका बसल्या होत्या त्या सगळ्यांकडे जाऊन सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. चार लोकांत बोललेलं चार लोकांत परत घ्यायचं. एक आता चिकलठाण्याला राहत होती, तिथवर गेल्या. दोघी वारल्या होत्या, तर त्यांच्या सुनांना सांगून आल्या. त्या सुनांना ना मूठ ठाऊक ना भांडण. त्या म्हणाल्या, बरं, चहा घ्या. एवढं करून संध्याकाळी बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नवऱ्या मुलीसारखा दिसत होता.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी दोन्ही दारं कुणासाठी उघडावी लागली नाहीत. बाई आणि आई शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या. बाईंना टेकता येईना, आईनं खांदा दिला. मी त्यांच्या पलीकडे होते. त्या दिवशी भाकर घशातून उतरली.

बुधवारी आम्ही त्यांना एस.टी. स्टँडवर पोहोचवायला गेलो. वडील आता दुसऱ्याचा टांगा हाकत होते, त्यातून. आईनं शिदोरी बांधून दिली होती. नगरची गाडी लागली, लोक खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरू लागले. बाई पायरीवर चढल्या, मग वळल्या आणि मला म्हणाल्या, "आता प्रार्थना कर. मोठ्यानं."

मी म्हणाले, इथं?

"हितंच. तुझी आई ऐकल, मी ऐकन. बाकीच्यांना जागा धरायचीय, कोन तुझ्याकडं बघतंय."

पण बघत होते. शेंगा विकणारा बघत होता, हमाल बघत होते, गाडीतली माणसं खिडकीतून डोकी काढून बघत होती. माझा घसा कोरडा पडला, तो नेहमीच पडतो, अजूनही पडतो. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. काय म्हणाले ते सगळं आठवत नाही. बाईंच्या गुडघ्यांसाठी मागितलं, वाटेसाठी मागितलं, आईचं नाव घेतलं. मध्ये एकदा अडले, पुढचं सुचेना, इंजिनाचं घरघरणं तेवढं ऐकू येत होतं. मग सुचलं आणि मी पुढं म्हणत राहिले, चांगलं मोठ्यानं.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा कंडक्टर दारात उभा होता, एक हात घंटीच्या दोरीवर, टोपी दुसऱ्या हातात. बाईंचंही आमेन झालं. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि दोरी ओढली.